गेल्या महिन्यात काय पाहिलंत? तारे नकोत, मोबाईल किती वेळा उचललात ते सांगा

भाकरतुकडा (३ डिसेंबर, रात्री १०:५०)

सिनेमाला तारे देणं मी सोडलं. साडेतीन तारे म्हणजे नक्की काय, ते मला कधी कळलंच नाही. तो अर्धा कशाचा कापला? त्यात हल्ली कोणीही कशालाही चार तारे देतं आणि आपण पॉपकॉर्नसकट हजाराला खड्ड्यात.

म्हणून नवं माप काढलंय. घरी सिनेमा लावल्यापासून संपेपर्यंत मोबाईल किती वेळा हातात घेतला, तो आकडा. फोन आला तर तो धरायचा नाही. आपण होऊन, काही काम नसताना, नुसता चाळायला उचलला तर एक. शून्य म्हणजे उत्तम. दहाच्या पुढे गेला तर तो सिनेमा नव्हे, पंखा. खोलीत चालू होता इतकंच.

माझा नोव्हेंबर असा:

वाळवी (२०२३): ०. परेश मोकाशी. चौघांचा खेळ, एक बेत, आणि तो बेत कसा कसा चिघळत जातो ते बघायचं. सुबोध भावेचा दंतवैद्य बघून माझी दाढ दुखायची थांबली. यापेक्षा जास्त सांगितलं तर पाप लागेल.

गोदावरी (२०२२): २. नाशिकचा असल्यामुळे एकदा बायकोला घाटावरचा आमचा जुना फोटो दाखवायला उचलला, तो माफ करा. नदीकाठच्या जुन्या मिळकतींची भाडी गोळा करत फिरणारा, नदीवर आणि घरावर सारखाच चिडलेला माणूस जितेंद्र जोशीने असा केलाय की तो आमच्या गल्लीत राहत असावा.

सिंहासन (१९७९): १. स्मगलरच्या माणसांत तो नाना पाटेकरच ना, हे बघायला. तोच.

एक नवा कोरा हिंदी मारधाडपट: ३१. पुढे मोजणं सोडलं, कारण मोजायला मोबाईलच लागत होता.

चला, आता तुमचे आकडे येऊ द्या.

आवळासुपारी (३ डिसेंबर, ११:०५)

पंखा, हसून हसून पुरेवाट!

अशी ही बनवाबनवी. रविवारी टीव्हीवर लागला होता. मोबाईल निदान वीस वेळा. तरी दहापैकी दहा. आता बोला.

भाकरतुकडा (३ डिसेंबर, ११:१२)

बनवाबनवी मापाबाहेर. तो नातेवाईक आहे. नातेवाईक बोलत असताना आपण मोबाईल बघतोच.

पहिली_रांग (३ डिसेंबर, ११:४०)

मापाला माझा तात्त्विक विरोध आहे. (पहिल्याच पानावर तात्त्विक विरोध आला नाही तर धागा अधिकृत होत नाही.)

द डिसायपल (२०२०) घ्या. चैतन्य ताम्हाणे. व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळवून आलेला. मी सात वेळा मोबाईल उचलला. कबूल. मध्यरात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून तो शिकाऊ गवई शरद मोटारसायकल चालवतोय, मागे तंबोरा आणि त्याच्या गुरुजींच्या गुरू माईंचा ध्वनिफितीतला आवाज, आणि दृश्य संपायचं नावच घेत नाही. तेव्हा मी बातम्या वाचल्या. पण नंतर तीन दिवस सिग्नलला थांबलो की तोच आवाज कानात. (माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, बऱ्याच जणांना माहीत नसतं.) आणि वाळवी? धमाल आला, शून्य वेळा उचलला, आणि आज शेवट आठवायला जोर लावावा लागतो. मग मोठा कोणता?

खर्जातला (४ डिसेंबर, सकाळी ७:२०)

@पहिली_रांग, डिसायपल मी एकदाही मोबाईल न उचलता पाहिला. कारण कौतुक नव्हे, भीती.

बारा वर्षं गाणं शिकलो. गुरुजींना आंघोळ घालणं, त्यांची औषधं आणणं, गुरुपौर्णिमेला सतरंज्या अंथरणं, सगळं केलंय. त्या सिनेमात एक जागा आहे. शरद मंचावर गुरुजींच्या मागे तंबोरा घेऊन बसलाय आणि गुरुजींनी घेतलेली हरकत त्याच्या तोंडावर दिसते. ती हरकत आपल्या गळ्यातून येणार नाही, हे त्याला तिथेच कळलेलं असतं, आणि तो मान डोलावत राहतो. ती मान मी डोलावलेली आहे. आता बँकेत आहे. रियाज गाडीत, सिग्नल ते सिग्नल.

आकडा ०, पण सिनेमा परत बघणार नाही.

आवळासुपारी (४ डिसेंबर, ७:५०)

@खर्जातला __/\__

सातारी_कंदी (४ डिसेंबर, ९:१५)

सकाळी सकाळी रडवू नका राव.

आमच्याकडे परवा 'सामना' लावला होता, वडिलांच्या आग्रहाखातर. जब्बार पटेलांचा पहिला, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ला बर्लिनला जाऊन आलेला. वडील साखर कारखान्यातून निवृत्त. त्यांनी आख्ख्या सिनेमाभर मोबाईल कानाला लावला होता! जुन्या सहकाऱ्याला फोन लावून, "हां, तुझ्याकडे पण लावलाय का? आता बघ हिंदुराव कसा हसतोय." दोघं दोन गावांत बसून एकच सिनेमा फोनवर बघत होते. याला किती गुण?

आणि तो हिंदुराव, म्हणजे निळूभाऊ फुले. दोन खोल्यांच्या घरात बसून सांगतो, त्या माणसाने पान नुसतं जिभेवर फिरवलं तरी आई अजून पदर सावरते. सिंहासनमध्ये तेच निळूभाऊ साधे पत्रकार, खांद्याला पिशवी. आईचा विश्वासच बसेना. "हा काहीतरी करणार बघ शेवटी" म्हणत अडीच तास बसली.

तेव्हापासून घरात काही सापडेनासं झालं की 'सामना'तला एकच प्रश्न: मारुती कांबळेचं काय झालं? काल चार्जरवरून झाला.

उंटावरची_शहाणी (४ डिसेंबर, दुपारी १:३०)

घरात सगळे एकत्र बघत असाल तर आकडा कोणाचा धरायचा? आमच्याकडे द ग्रेट इंडियन किचन (२०२१, मल्याळम) लावला. माझा ०. नवऱ्याचा १४. सासऱ्यांचा १, पण तो एक म्हणजे उचलला तो ठेवलाच नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: नवी सून, जुनं घर. सासऱ्यांना कुकरचा भात चालत नाही, चटणी मिक्सरमधली चालत नाही, कपडे मशीनमधले चालत नाहीत. आरडाओरडा कोणी करत नाही, सगळे अगदी सभ्य. सिंकखालचा पाइप गळतोय, ती रोज नवऱ्याला सांगते, तो रोज विसरतो. सिनेमाभर तेच ते. चिरणं, परतणं, खरकटं काढणं, पुसणं. मागे संगीत जवळपास नाहीच, नुसते फोडणीचे आणि भांड्यांचे आवाज. त्या खरकट्या पाण्याचा वास मला सोफ्यावर यायला लागला.

संपल्यावर नवऱ्याने उठून आमच्या सिंकखाली वाकून बघितलं. बोलला काही नाही. मला तेवढं पुरलं.

चकली_नंबर_दोन (४ डिसेंबर, १:४२)

सिंक गळत होतं का पण?

उंटावरची_शहाणी (४ डिसेंबर, १:४५)

ऑगस्टपासून.

व्यवस्थापक (४ डिसेंबर, २:००)

विनंती: शेवट फोडणार असाल तर आधी इशारा लिहा. सिनेमा फुकट कुठे मिळेल याच्या लिंका मागू वा देऊ नका. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

तळकोकणी (४ डिसेंबर, रात्री ९:३०)

दशावतार (२०२५). थेटरात पाहिला, तेव्हा मोबाईल खिशात. पण माझ्या शेजारच्याचा नऊ.

दिलीप प्रभावळकरांबद्दल काय लिहू? ऐंशी ओलांडलेला माणूस. डोळे अधू झालेला, तरी रंगमंच सुटत नसलेला बाबुली मेस्त्री. माझा चुलता आयुष्यभर दशावतारी नाटक कंपनीत होता, स्त्रीपार्टी. पहिल्या अर्ध्या तासात मी तीनदा चष्मा पुसला. पुढे खाणवाले, सूडबीड सुरू झालं आणि सिनेमा थोडा ढोल बडवायला लागला, असं माझं मत. गावात हे मत उघड बोललो नाही.

एक सांगतो, जे सिनेमात मावत नाही. आमच्याकडे आत्ता जत्रा सुरू आहेत. देवळाभोवती पालखी फिरली की मग रात्री नाटक. नट आपापला पेटारा उघडून, आरसा मांडीवर घेऊन, स्वतःच रंग लावतात. हातात लिहिलेलं नाटक नसतं. कोण राजा, कोण राक्षस, कथा काय, एवढंच ठरतं, आणि संवाद मंचावर उभे राहून जागेवर करायचे. सोबत पायपेटी, मृदंग, झांज. संकासुर आला की पोरं जागी होतात. लोक विचारतात, "नाटक खयच्या कंपनीचा?" सिनेमा बघून आवडला असेल तर एकदा थंडीत गोधडी घेऊन या. रेंज नसतेच, त्यामुळे सगळ्यांचा आकडा शून्य.

डिचोलीकर (४ डिसेंबर, ९:५५)

तळकोकणी, आमच्याकडेही तीच थंडी, तीच गोधडी.

माझा या महिन्यातला: पलतडचो मुनिस (२००९), कोंकणी. लक्ष्मीकांत शेटगांवकर. महाबळेश्वर सैलांच्या कादंबरीवर. रानात एकटा राहणारा वनरक्षक आणि गावाने वेडी म्हणून टाकलेली बाई. बोलणं कमी, रान जास्त. मोबाईल १, तोही आवाज वाढवायला रिमोट समजून.

नेकारकाठी (५ डिसेंबर, रात्री ११:१०, जर्मनी)

आमच्या मंडळाने छोटा हॉल भाड्याने घेऊन 'किल्ला' दाखवला. अविनाश अरुणचा. वडील गेलेला मुलगा आणि बदली होऊन कोकणात आलेली त्याची आई, अमृता सुभाष. त्या सिनेमाने २०१४ला बर्लिनला बालपरीक्षकांचं पारितोषिक घेतलं होतं, हे सांगून मी अकरा वर्षांच्या लेकीला ओढत नेलं.

गंमत अशी की खाली इंग्रजी उपशीर्षकं. लेक ती वाचते. त्यामुळे त्या मुलाचा मित्र बंड्या, त्याच्या प्रत्येक वाक्याला ती आमच्यापेक्षा अर्धा सेकंद आधी हसायची. संवाद संपायच्या आत तिचं हसणं, मग आमचं. सगळा हॉल वळून बघायचा. मध्यंतरापर्यंत लोक तिच्या हसण्याची वाट बघून हसायला लागले.

किल्ल्यात पाऊस आल्यावर मित्र त्याला एकटा टाकून जातात, तिथे मात्र ती हसली नाही, बोललीही नाही. घरी जाताना ट्राममध्ये विचारलं, "मराठीत त्याला काय म्हणतात? एकटा राहणं नाही, एकटा ठेवणं." मी अजून शब्द शोधतोय.

खर्जातला (५ डिसेंबर, ११:३०)

'वाऱ्यावर सोडणं'?

नेकारकाठी (५ डिसेंबर, ११:४१)

सांगितलं. म्हणाली, पण तिथे पाऊस होता.

सुटीचा_अर्ज (६ डिसेंबर, सकाळी १०:००)

साबर बोंडं (२०२५). रोहन कानवडे. सनडान्समध्ये परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळवून आलेला, तरी आमच्या शहरात खेळ एकच आणि तोही भलत्या वेळेला. हाफ डे टाकून गेलो. थेटरात आम्ही नऊ जण.

वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. भाऊबंद, पाहुणे, "आता लग्नाचं बघा" चा जप. आणि बालपणीचा मित्र बाळ्या. दोघांत जे आहे ते सिनेमा कुठेही ओरडून सांगत नाही. फड्या निवडुंगाचं लाल बोंड काट्याकुसासकट काढून, पुसून, सोलून एकाने दुसऱ्याला द्यायचं. एवढंच. पण ते बघताना माझी बोटं आखडली. लहानपणी ज्याने ती बोंडं खाल्लीत त्याला माहीत आहे, ती बारीक कुसं दोन दिवस जिभेतून निघत नाहीत.

आईला सगळं ठाऊक आहे आणि ती मुलाच्या बाजूने आहे. कपाळावर आठी नाही, भाषण नाही. मराठी सिनेमातली इतकी शांत आई मी पाहिली नव्हती.

आणि पार्श्वसंगीत नाही! एक सूर नाही. कोंबड्या, पंप, बायकांचं दबकं बोलणं. आता रडा, असं सांगायला व्हायोलिन नसलं की माणूस आपल्या आपण रडतो.

चकली_नंबर_दोन (६ डिसेंबर, १०:२५)

मला कंटाळा आला. स्पष्ट सांगते. कॅमेरा हलतच नाही. मी मनातल्या मनात पाच वेळा मोबाईल उचलला. बक्षीस मिळालं म्हणून आवडायलाच पाहिजे का?

सुटीचा_अर्ज (६ डिसेंबर, १०:३१)

अजिबात नाही. नऊपैकी दोघं मध्यंतरानंतर आले नाहीत. तुम्हीच का त्या?

चकली_नंबर_दोन (६ डिसेंबर, १०:३३)

मी शेवटपर्यंत बसले. तिकिटाचे पैसे दिले होते.

पहिली_रांग (६ डिसेंबर, ११:५०)

उंटावरची_शहाणी आणि सुटीचा_अर्ज, दोघांनी एकच गोष्ट लिहिली आहे: संगीत नाही, नुसते आवाज. हे नवं वाटत असेल तर कृपया कुंकू (१९३७) बघा. हिंदीत दुनिया न माने. शांतारामबापू, प्रभात. गाणी सोडली तर त्यात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच. घड्याळ, पावलं, भांडी. आणि हे बोलपट सुरू होऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती तेव्हा, जेव्हा बाकीचे मिळेल तिथे पेटी-तबला ठोकत होते.

कथा: नीराला मामा फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतो. ती त्याला नवरा मानायचंच नाकारते. शांता आपटे आणि केशवराव दाते. ती रडत बसत नाही, हे मुख्य. तिला राग येतो, आणि तो राग घरभर फिरतो. फुटक्या आरशाचं एक दृश्य आहे. दात्यांना प्रत्येक तुकड्यात स्वतःचा म्हातारा चेहरा दिसतो. रसास्वाद शिबिरात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वहीत काही लिहायचंच विसरलो.

प्रभातच्या ज्या आवारात हे घडलं तिथेच आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, हे पुणेकरांना सांगायला नको, पण पुणेकरच विसरतात.

दुपारचा_चहा (६ डिसेंबर, १२:१५)

प्रभात म्हणजे संत तुकाराम (१९३६). आमच्या आजोबांना पाठ. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग ते रोज म्हणायचे.

पहिली_रांग (६ डिसेंबर, १२:२२)

तुकोबांचा नाही. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला. पण इतका बेमालूम की भल्याभल्यांनी गाथेत शोधला.

दुपारचा_चहा (६ डिसेंबर, १२:२९)

अरे देवा. आजोबा गेले हे बरं झालं म्हणू का?

आवळासुपारी (६ डिसेंबर, १२:३१)

आजोबांनी म्हटला म्हणजे अभंगच झाला तो.

म्हातारी_उडाली (६ डिसेंबर, दुपारी ४:४०)

कुंकूवरून: हा विषय देवलांच्या 'शारदा'पासून (१८९९) चालत आलाय. आणि लोक सर्रास समजतात की बालविवाहाचा 'शारदा कायदा' त्या नाटकावरून. तो हरविलास सारडा यांच्या नावाचा, १९२९चा. मुलीचं वय चौदा पूर्ण. आपल्याकडे सारडाची शारदा झाली. चुकीचं असलं तरी ऐकायला बरं वाटतं.

अवांतराबद्दल क्षमस्व.

सातारी_कंदी (६ डिसेंबर, ४:५५)

धागाकर्ते कुठे आहेत? आग लावून गेले.

भाकरतुकडा (६ डिसेंबर, रात्री ८:१०)

आहे आहे. वाचतोय, आणि माझ्या मापाच्या चिंध्या होताना बघतोय. मोबाईल कानाला लावून सामना बघणाऱ्या काकांना तर शंभर गुण.

माझ्या मापात एक मोठी गोची आहे, ती पहिल्या पोस्टमध्ये लपवली होती. आमच्या घरी खरी परीक्षक आई. वय अठ्ठ्याहत्तर. ती मोबाईल वापरतच नाही. तिचं माप मटार. आता मटार स्वस्त झालेत, त्यामुळे सिनेमा लावला की ती मांडीवर ताट घेऊन सोलायला बसते. दाणे पातेल्यात पडायचा आवाज सुरू असला म्हणजे सिनेमा बरा. जोरात सुरू असला म्हणजे भिकार, कारण लक्ष सगळं शेंगांवर. आवाज थांबला की समजायचं, पडद्यावर काहीतरी आहे. वाळवीला पाव किलो झाले. गोदावरीला दोन मुठी. त्या मारधाडपटाला दीड किलो आणि वर लसूण.

पहिली_रांग यांच्या सांगण्यावरून आज कुंकू लावतोय. ताट तयार आहे.

उंटावरची_शहाणी (६ डिसेंबर, ८:१४)

मटारमापाला अनुमोदन!! मोबाईल रद्द करा.

चकली_नंबर_दोन (६ डिसेंबर, ८:२०)

+१. साबर बोंडंला माझे दोन किलो झाले असते.

सुटीचा_अर्ज (६ डिसेंबर, ८:२२)

थेटरात शेंगा नेऊ देत नाहीत, नाहीतर नऊ जणांनी मिळून पोतं संपवलं असतं.

तळकोकणी (७ डिसेंबर, सकाळी ८:००)

काय झाला? मटार किती?

भाकरतुकडा (७ डिसेंबर, सकाळी ११:३५)

लिहितो. जरा लांब आहे.

पहिली वीस मिनिटं नेहमीसारखी. आवाज जुना, मध्ये मध्ये खरखर, प्रिंट पावसाळी. टणटण सुरू होतं. "ही शांता आपटे का? चांगली ठसक्याची आहे." टणटण. नीराने नवऱ्याला खोलीबाहेर ठेवलं तिथे वेग कमी झाला. आरशाचं दृश्य आलं आणि थांबलाच. मी पहिली_रांग यांना मनात शाबासकी दिली.

मग आई म्हणाली, "थांबव जरा."

म्हणाली, ताईआत्याला असंच दिलं होतं. तिची आत्या. चौदा पूर्ण झाली म्हणून कायद्यात बसली आणि बिजवराला दिली. त्यांचं वय चाळीसच्या पुढे, पहिलीची दोन मुलं, त्यातला थोरला आत्याच्याच वयाचा. मला ताईआत्या माहीत होती ती फोटोतली, पांढऱ्या केसांची. तिचं लग्न कसं झालं हे पन्नास वर्षांत आमच्या घरात कोणी बोललं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

आई लहानपणी सुटीत तिच्याकडे जायची. त्या घरात आरसा एकच, तोही यजमानांच्या खोलीत. कुंकू लावायला तिथे जायला नको म्हणून आत्या पहाटे न्हाणीघरात घंगाळातल्या पाण्यात बघून लावायची. पाणी हलायचं, कुंकू वाकडं लागायचं. मग ती आईला समोर बसवून विचारायची, "मधोमध आहे का गं?" आई सात-आठ वर्षांची. म्हणाली, "मी नेहमी हो म्हणायची. नसलं तरी."

तेव्हा मी मोबाईल उचलला. आपण होऊन, एकदा. रेकॉर्डिंग सुरू करून हळूच ताटाखाली सरकवला. अकरा मिनिटं झालीत. त्यात मागे शेजारच्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत.

नंतर उरलेला सिनेमा पाहिला. शेवट सांगत नाही, व्यवस्थापक बघतायत. शेवटी आई एवढंच म्हणाली, "त्याने निदान चिठ्ठी तरी लिहिली."

तर माझ्या मापाने कुंकूला १.

खर्जातला (७ डिसेंबर, ११:५०)

…

नेकारकाठी (७ डिसेंबर, दुपारी १२:२०)

रेकॉर्डिंगची प्रत दोन ठिकाणी ठेवा. माझ्याकडे आजीचं होतं, फोनबरोबर गेलं.

म्हातारी_उडाली (७ डिसेंबर, १२:४०)

माझी मोठी मावशीही बिजवराला दिलेली. आज भावाला फोन करते.

पहिली_रांग (७ डिसेंबर, १:०५)

तात्त्विक विरोध मागे घेतो.

भाकरतुकडा, आईंना आता प्रभातचाच माणूस (१९३९) दाखवा. शाहू मोडकांचा पोलीस आणि शांता हुबळीकरांची मैना. आणि शेजारी (१९४१) राखून ठेवा. त्यात केशवराव दाते परत भेटतील, या वेळी त्यांच्यावर चिडावं लागणार नाही.

सातारी_कंदी (७ डिसेंबर, १:३०)

सगळं वाचलं, डोळे पुसले. पण मूळ प्रश्न राहिलाच की.

मटारचं काय झालं?

आवळासुपारी (७ डिसेंबर, १:३१)

मेले मी हसून. वाटच बघत होते कोण विचारतंय.

भाकरतुकडा (७ डिसेंबर, १:४५)

रात्रभर ओट्यावर तसेच. आज सकाळी मी सोलायला घेतले. आई शेजारी बसून मी टाकलेली सालं उघडून बघत होती, चार शेंगांत एकेक दाणा राहिलेला तिने काढून दाखवला. पुढच्या शनिवारी 'माणूस' ठरलाय. एक किलो आणायला सांगितलेत, पण म्हणाली, "चांगला असला तर अर्धाच पुरे."